‘रिसीप्ट’ म्हणणारीचा इंटरव्ह्यू-सल्ला

मी भांडुपच्या मराठी शाळेतली, बी. कॉम. दादरला केलं. पहिल्याच इंटरव्ह्यूला समोरचे गृहस्थ म्हणाले, ‘वॉक मी थ्रू युअर रेझ्युमे.’ मी ‘येस सर’ म्हटलं आणि गप्प बसले. ते माझ्याकडे बघतायत, मी त्यांच्याकडे. शब्द सगळे कळले होते, पण त्यांना काय हवंय ते कळलं नव्हतं. आजवर काय काय केलंत ते क्रमाने सांगा, एवढंच हवं होतं. ती नोकरी अर्थातच गेली. आता अंधेरीला अकाउंट्समध्ये आहे, अधूनमधून मलाच मुलाखती घ्यायला बसवतात. बिल्डिंगमधली पोरं तर आदल्या रात्रीच ‘ताई, जरा ऐक ना’ करत दारात हजर. त्यांना जे सांगते तेच इथे.

आधी एक करा. तयारी डोळ्यांनी नको, तोंडाने करा. उत्तरं वहीत सुंदर लिहिलेली असतात आणि आयत्या वेळी जीभ वळत नाही, कारण ती वाक्यं तिने कधी उच्चारलेलीच नसतात. गच्चीवर जा, मोबाइलवर रेकॉर्ड करा, ऐका. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकवत नाही. तिसऱ्या वेळी सवय होते.

आता मुख्य दुखणं. परवा खालच्या मजल्यावरच्या पोराला विचारलं, गेल्या नोकरीत काय करायचास? तो सुरू झाला, ‘विच व्हेंडर्स डिड नॉट फाइल रिटर्न, देअर क्रेडिट वॉज स्टक, सो बिकॉज ऑफ दॅट...’ आणि मध्येच दम संपला. हे इंग्रजी नाहीच, हे ‘ज्या व्हेंडरनी रिटर्न भरलं नाही, त्यांचं क्रेडिट अडकलं, त्यामुळे’ आहे. (क्रेडिट म्हणजे त्यांच्या बिलांवर आपण भरलेल्या जीएसटीची वजावट.) मराठीत क्रियापद शेवटी, म्हणून आपण सगळं ओझं डोक्यावर घेऊन वाक्याच्या टोकापर्यंत चालतो. इंग्रजीला कोणी काय केलं ते लगेच लागतं.

त्याला म्हटलं, इंग्रजी राहू दे, आधी मराठीतच तुकडे कर. जीएसटी पोर्टलवर दर महिन्याच्या १४ तारखेला टू-बी नावाचं स्टेटमेंट तयार होतं, त्यात व्हेंडरनी भरलेली आपली बिलं दिसतात. तू नेमकं काय करायचास? ‘मी पर्चेस रजिस्टर टू-बीशी जुळवायचो. काही बिलं नसायची. मी व्हेंडरला फोन करायचो. ते रिटर्न भरायचे, आम्हाला क्रेडिट मिळायचं.’ झालं की! ‘एव्हरी मंथ आय मॅच्ड द पर्चेस रजिस्टर विथ टू-बी. सम बिल्स वर मिसिंग. आय कॉल्ड द व्हेंडर्स. दे फाइल्ड, अँड वी गॉट द क्रेडिट.’ चौथीतलं पोरगंही बोलेल असं इंग्रजी, पण ऐकणाऱ्याला कळतं की याला काम येतं. अशी पाच कामं तुकडे करून ठेवा. प्रश्न कसाही आला तरी उत्तर बहुतेक त्यातूनच निघतं.

त्यात ‘आय’ किती वेळा आलं बघा. मी-मी करणारा आपल्याकडे आगाऊ ठरतो, म्हणून आपली मुलं दर वाक्यात ‘वी’ म्हणतात. मग माझ्यासारखीला प्रश्न पडतो, बाबा रे, यातलं तू काय केलंस? तुम्ही केलं असेल तिथे ‘आय’च म्हणा.

व्याकरणाचं थोडक्यात. ‘दोन वर्षांपासून’ मनात असतं म्हणून ‘फ्रॉम टू इयर्स’ तोंडात येतं. तिथे ‘फॉर टू इयर्स’ हवं. ‘आय ॲम हॅविंग’ नको, ‘आय हॅव’. ‘मायसेल्फ अमुक तमुक’ सोडा, ‘आय ॲम’ म्हणा. बाकी चुका झाल्या तर होऊ देत.

उच्चारांचं म्हणाल तर उसना ॲक्सेंट आणू नका, दोन मिनिटांत गळून पडतो. आपल्या धंद्यातले आठ-दहा शब्द मात्र तपासून घ्या. मी कित्येक वर्षं ठसक्यात ‘रिसीप्ट’ म्हणायचे, त्यातला ‘प’ मुका असतो हे एका ऑडिटरने हसू दाबत सांगितलं. कर्जाच्या ‘डेट’मधला ‘ब’ही तसाच मुका. आकडेही मोठ्याने म्हणून बघा. आपल्या ‘बावन्न’मध्ये दोन आधी, पन्नास नंतर. घाईत फिफ्टी-टूचं ट्वेंटी-फाइव्ह होतं, आणि ते पगाराच्या आकड्यात झालं तर महागात पडतं.

प्रश्न कळला नाही तर माझ्यासारखं ‘येस सर’ करू नका. ‘डू यू मीन माय लास्ट जॉब?’ असं विचारा. नुसत्या ‘पार्डन?’ने तेच वाक्य पुन्हा अंगावर येतं. सुचत नसेल तर ‘लेट मी थिंक फॉर अ मोमेंट’ म्हणा आणि खरंच दोन श्वास गप्प बसा. ‘बेसिकली, ॲक्च्युअली’पेक्षा ती शांतता बरी दिसते. अगदीच अडलं तर ‘कॅन आय एक्स्प्लेन दिस इन हिंदी?’ विचारायला मुंबईत लाजू नका. तेवढा मुद्दा सांगून परत इंग्रजीवर या. समोरचं आडनाव मराठी दिसलं म्हणून आपणहून मराठी सुरू करू नका, त्यांना सुरू करू द्या.

व्हिडिओवर असेल तर घरात आधी सांगून ठेवा, नाहीतर ‘टेल मी अबाउट युअरसेल्फ’ला कुकर उत्तर देतो.

आणि त्या दिवशी अर्धा तास आधी पोचा. बीकेसीला, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात असेल तर आता मेट्रो आहे, कुर्ल्याच्या रिक्षाच्या रांगेत घाम गाळायला नको. दिवसाचं पहिलं इंग्रजी वाक्य केबिनमध्ये बोलू नका, ते खाली गेटवर खर्च करा. ‘गुड मॉर्निंग, आय हॅव ॲन इंटरव्ह्यू ॲट इलेव्हन.’ गार्ड बहुतेक वेळा रजिस्टर पुढे सरकवत म्हणतो, ‘सही करा ताई, तिसरा मजला.’