इंग्रजी शब्दाच्या पहिल्या अक्षरांवरून अर्थ कसा काढायचा

शब्द पाठ करून डोकं दुखत असेल तर आधी पाठांतर थांबवा आणि तुम्हाला आधीच येणारे शब्द वहीत एकाखाली एक लिहा. टेलिफोन, टेलिव्हिजन, टेलिस्कोप. तिन्हीत पुढे टेलि आहे आणि ग्रीकमध्ये टेलि म्हणजे लांब, आता आपला दूरध्वनी आणि दूरदर्शन बघा, तुकडा तुकडा सुटा करून बनवलेत, दूर अधिक ध्वनी, दूर अधिक दर्शन. म्हणजे ही युक्ती आपल्याला नवी नाहीच, शाळेत उपसर्ग शिकलो तेच हे.

प्रत्येक सुरुवातीला वहीचं एक पान द्या. सब म्हणजे खाली, ट्रान्स म्हणजे पलीकडे, मायक्रो म्हणजे बारीक, बायो म्हणजे जीव, हे पटकन होतं. वेळ लागतो तो इन ला, कारण तो रूप बदलतो. नकाराचा इन पी च्या आधी आला की इम होतो (इम्पॉसिबल), एल च्या आधी इल (इललीगल), आर च्या आधी इर (इररेग्युलर). हे चार वेगळे नियम म्हणून पाठ करू नका प्लीज, मोठ्याने बोलून बघा, प म्हणायला ओठ मिटावेच लागतात म्हणून न चा म होतो. आपल्याकडे निर्जीव, निष्फळ, निश्चिंत, निस्तेज यात तरी दुसरं काय होतं?

आता फसवे शब्द. सुरुवात झाकून उरलेला भाग वाचायचा, त्याला काही अर्थ लागतो का बघायचं. अंकल मधला अन काढला तर क्ल उरतो, म्हणजे तिथे उपसर्ग नाहीच. पण ही टेस्ट दर वेळी पुरत नाही. इन्फ्लेमेबल वाचून बरेच जण समजतात की हे पेटत नाही, आणि ते धोक्याचं आहे, कारण तिथला इन नकाराचा नसून लॅटिनमधला 'आत' वाला आहे, अर्थ फ्लेमेबल सारखाच, पटकन पेट घेणारं. मराठीतही असंच, दुर्दैव मधला दुर् वाईट, पण दुर्बीण मधे वाईट काही नाही, तो फारसी दूर आहे, बीन म्हणजे बघणारा. म्हणून शंका आली की डिक्शनरीत शब्दाचं मूळ दिलेलं असतं ते वाचाच, लोक नेमकं तेच सोडून पुढे जातात.

ऐकायला सारख्या जोड्या शेजारी शेजारी लिहा. इंटर म्हणजे दोघांच्या मधे, इंट्रा म्हणजे एकाच्याच आत. अँटीसेप्टिक मधला अँटी विरोधाचा, पण गरोदरपणातल्या तपासणीचं अँटीनेटल असतं ना, त्याच्या स्पेलिंगमध्ये टी नंतर आय नाही, ई आहे, आणि त्याचा अर्थ आधी. जन्माच्या आधीचं.

सगळ्यात जास्त लक्ष हायपर आणि हायपो कडे द्या. हायपर जास्त, हायपो कमी. हायपोग्लायसेमिया फोडून बघू: हायपो कमी, ग्लाय गोड म्हणजे साखर, एमिया रक्तात. रक्तात साखर कमी झाली. रिपोर्टवर पो च्या जागी पर असेल तर अर्थ बरोब्बर उलटा, साखर वाढलीय.

आणि तोच एमिया अॅनिमियात पण आहे. पुढचा अन् नकाराचा, आपल्या अनावश्यक मधल्या अन् चा सख्खा भाऊ, दोघांचं मूळ एकच.