झाकण बसण्याआधी: अतिसंवाहक चुंबकाच्या थंड चाचणीची तयारी

नायोबियम-टायटॅनियमच्या अतिसंवाहक (पुरेशी थंड केली की विजेला रोध न करणाऱ्या) तारेची कॉइल गुंडाळून झाली, इपॉक्सी भरून भट्टीतून बाहेर आली, की सगळ्यांना एकच घाई सुटते: हेलियम कधी भरायचा? पण क्रायोस्टॅटचं, म्हणजे कॉइल थंड ठेवणाऱ्या थर्मासासारख्या भांड्याचं, झाकण बसलं आणि कॉइल ४.२ केल्व्हिनला पोचली, की आत सुटलेली एक बारीकशी वायर जोडायलाही अख्खा सांगाडा पुन्हा गरम करावा लागतो. भरलेला हेलियम जातो तो वेगळाच. म्हणून पुढची बहुतेक कामं झाकणाच्या आधीची आहेत.

पहिलं काम कागदावरचं. समजा, कॉइलचं इंडक्टन्स अर्धा हेन्री आणि आपल्याला २०० अँपिअरपर्यंत जायचंय. म्हणजे साठलेली ऊर्जा १० किलोज्यूल. क्वेंच झाला, म्हणजे तारेची अतिसंवाहकता अचानक गेली, आणि ही सगळी ऊर्जा द्रव हेलियमला मिळाली तर काय? एक लिटर द्रव हेलियम उकळायला साधारण २,६०० ज्यूल पुरतात. त्या हिशेबाने जवळजवळ चार लिटर द्रव काही क्षणांत उडेल आणि खोलीच्या तापमानाला आल्यावर त्याचा तीन हजार लिटरच्या आसपास वायू होईल. व्हेंटचा (वायू बाहेर सोडणारा) पाइप किती जाड हवा, तो कुठे सोडायचा, हे याच आकड्यावरून ठरवा. कुकरला शिट्टी असते तसा सेफ्टी व्हॉल्व्हही असतो. इथेही रिलीफ व्हॉल्व्ह आणि दाब वाढला की फुटणारी चकती दोन्ही हवीत. पाइपचं तोंड इमारतीबाहेर काढा, पॅसेजमध्ये अजिबात नको. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो, १९.५ टक्क्यांवर अलार्म वाजेल असे दोन मॉनिटर लावा. एक छताजवळ, कारण हेलियम वर जातो. दुसरा जमिनीलगत, कारण सुरुवातीला थंड करायला वापरलेला नायट्रोजन खाली साचतो. क्रायोस्टॅट खड्ड्यात बसवलेला असेल तर दुसरा मॉनिटर खड्ड्यातच हवा.

आता विजेची बाजू. कॉइलच्या प्रत्येक भागाचा रोध चार वायरींनी मोजा, इंडक्टन्स मोजा, शेजारी खोलीचं तापमान लिहून ठेवा. थंड झाल्यावर काही विचित्र दिसलं तर तुलनेला हेच आकडे लागणार आहेत. डंप रेझिस्टर (क्वेंच झाल्यावर कॉइलची ऊर्जा ज्यात उतरवतात तो रोध) एक ओहमचा असेल तर २०० अँपिअरला कॉइलच्या टोकांवर २०० व्होल्ट येतील. त्यापेक्षा बऱ्याच वरच्या व्होल्टेजला अर्थिंगच्या सापेक्ष इन्सुलेशन तपासा. ‘मेगरवर (इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर) पास झालं’ एवढ्यावर मात्र विसंबू नका. हेलियम वायूत हवेपेक्षा बऱ्याच कमी व्होल्टेजला ठिणगी पडते, त्यामुळे हीच तपासणी आत हेलियम वायू भरल्यावर पुन्हा करायची असते. अनेक जण ती गाळतात.

व्होल्टेज टॅप, म्हणजे व्होल्टेज मोजायला कॉइलवरून काढलेल्या वायरी, जोडीने लावा. एक तुटला तर दुसरा हाताशी राहतो. दोन्ही वायरी एकमेकींना पीळ देऊन आणा. मधला टॅप हवाच, कारण कॉइलच्या दोन अर्ध्या भागांवरच्या व्होल्टेजची वजाबाकी केली की करंट वाढवताना येणारं इंडक्टिव्ह व्होल्टेज कटतं आणि खरा क्वेंच उघडा पडतो. सर्न या युरोपीय प्रयोगशाळेतल्या एलएचसी या कणवेगवर्धकाच्या मोठ्या चुंबकांना १०० मिलिव्होल्ट १० मिलिसेकंद टिकले की क्वेंच धरतात. तुमचा आकडा वेगळा असेल, पण आधी ठरवून लिहून ठेवा. मग कॉइल गरम असतानाच डिटेक्टरला खोटा सिग्नल द्या. रिले टक्‌कन वाजला म्हणजे काम झालं असं नव्हे. ऑसिलोस्कोपवर करंट उतरताना डोळ्यांनी दिसला पाहिजे.

जोडांवर जरा जास्त वेळ घालवा. १९ सप्टेंबर २००८ला एलएचसीत दोन चुंबकांमधल्या एका जोडाचा रोध सुमारे २२० नॅनोओहम निघाला. ऐकायला नगण्य, पण ८,७०० अँपिअरला त्यात १६-१७ वॅट उष्णता तयार होते. तो जोड वितळला, आर्क झाला, सुमारे सहा टन हेलियम बाहेर पडला आणि ५३ चुंबक बोगद्यातून वर काढावे लागले. यंत्र पुन्हा सुरू व्हायला नोव्हेंबर २००९ उजाडला. गंमत म्हणजे प्रत्येक मोठ्या चुंबकाची थंड चाचणी आधीच झालेली होती, आणि त्या चाचण्यांत भारताच्या अणुऊर्जा विभागाचे अभियंतेही राबले होते. दगा दिला तो बोगद्यात नंतर केलेल्या जोडाने. त्यामुळे सगळ्यात शेवटी केलेल्या जोडाकडे सगळ्यात जास्त संशयाने बघा. त्याच्या दोन्ही बाजूंना टॅप असू द्या: २०० अँपिअरला १० नॅनोओहमचा जोड दोन मायक्रोव्होल्टच दाखवतो, तेव्हा नॅनोव्होल्टमीटरही हवा.

आकुंचनाचा हिशेब सोपा आहे. स्टेनलेस स्टील ०.३ टक्के आकसतं, ॲल्युमिनियम ०.४ टक्के. अर्ध्या मीटरवर अर्धा मिलिमीटर फरक पडतो. वायरींना तेवढी ढील ठेवा, ताणून बांधू नका.

थंड करताना आधी द्रव नायट्रोजन वापरा. ३०० केल्व्हिनच्या एक किलो तांब्यात सुमारे ७९ किलोज्यूल उष्णता असते, ७७ केल्व्हिनला फक्त सहा उरते. हे मोठं ओझं स्वस्त नायट्रोजनने उतरवा. मात्र नंतर त्याचा थेंबही आत राहता कामा नये. तो ६३ केल्व्हिनला गोठतो, नळ्या बुजवतो आणि महाग हेलियम खात बसतो. हेलियम वायूच्या दाबाने तळापर्यंत गेलेल्या नळीतून नायट्रोजन बाहेर ढकला. तळाचा सेन्सर ७७वरच अडकला असेल तर द्रव अजून शिल्लक आहे. तो ८०च्या वर सरकला की मगच पंप लावून आतला वायू काढा आणि हेलियम वायू भरा.

चाचणी उच्च तापमान अतिसंवाहक टेपच्या रोटरची असेल, जसा २०१८मध्ये डेन्मार्कला पवनचक्कीवर चढवलेल्या ३.६ मेगावॉटच्या इकोस्विंग जनरेटरचा होता, तर वरचं गणित बदलतं. तिथे क्वेंच सेकंदाला मिलिमीटर-सेंटिमीटरच्या चालीने पसरतो, व्होल्टेज उशिरा दिसतं आणि तोवर एकच ठिपका जळून गेलेला असतो. टॅप जवळजवळ लावा, करंटमध्ये भरपूर राखीव वाव ठेवा, आणि फिरत्या भागातून सिग्नल कसे बाहेर आणायचे हे टेप गुंडाळण्याआधी ठरवा.

चुंबकीय क्षेत्र पाच गॉसपर्यंत उतरतं ती रेषा जमिनीवर पिवळ्या टेपने आखा. पेसमेकरवाल्यांनी ती ओलांडायची नाही. गॅसचे सिलिंडर आणि लोखंडी पाने खोलीबाहेर न्या.

पहिल्या दिवशी २० अँपिअरवर थांबून हाताने ट्रिप करा आणि डंपचा आलेख बघा. मग १००. त्यापुढे कॉइल अपेक्षेआधीच क्वेंच झाली तर घाबरू नका, नवी कॉइल दर क्वेंचला थोडी वर चढते. दोन-तीनदा जागीच अडली तर मात्र जोडांचे आकडे काढा. थांबायचं कुणी म्हणायचं, ते नाव आदल्या दिवशीच फळ्यावर असू द्या. चाचणी संपली की व्हेंट उघडा ठेवून कॉइल आपोआप गरम होऊ द्या. तळाचा सेन्सर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकणाचा एकही बोल्ट सैल करू नका, नाहीतर हवेतला दमटपणा इन्सुलेशनवर जमेल आणि पुढचा मेगर खोटं बोलेल.