घाटावरचं औषध, खालचा पाऊस

गौरी-गणपती उठले की आमच्या पडवीत निळा ड्रम येतो. तेव्हा शेतात कीड नसते, भात पोटरीत असतं, म्हणजे लोंबी अजून बाहेर पडलेली नसते, वालाचा तर अजून पत्ता नसतो. तरी ड्रम भरायचा, कारण दशपर्णी, म्हणजे दहा झाडांच्या पाल्याचा कीड मारायचा अर्क, मुरायला महिना लागतो. वालावर मावा, ही रस शोषणारी बारीक कीड, दिसल्यावर पाला तोडायला निघालात तर अर्क तयार होईपर्यंत शेंगा वाकड्या झालेल्या असतात.

आमचं शेत शहापूर तालुक्यात, डोळखांबच्या अलीकडे. दीड एकर भात, अर्धा एकर भाजी, दोन डांगी गाई, चार शेळ्या. भाजी घेऊन मी आसनगावहून लोकलने ठाण्याला जाते. तिथल्या गिऱ्हाइकांपैकी काहींनी आमच्या भागात प्लॉट घेतलेत. ते फोनवर अशा घरगुती औषधांचे कसले कसले व्हिडिओ बघून विचारतात, "ताई, हे असंच करायचं ना?" तसंच नाही. ते व्हिडिओ बहुतेक घाटावरचे. तिथे कडुनिंब बांधाबांधावर आणि पाऊस बेताचा. आपल्याकडे कडुनिंब मोजका आणि पाऊस धो धो. कृती तीच, पण हात वेगळा लागतो.

दशपर्णीला २०० लिटरचा प्लास्टिकचा ड्रम घ्या, तो सावलीत ठेवा. पुस्तकी मापात कडुनिंबाचा पाला ५ किलो आणि बाकीचे नऊ पाले दोन-दोन किलो. मला ५ किलो कडुनिंब कधीच मिळत नाही. मी दोन किलोवर भागवते आणि उरलेला भार करंजावर टाकते, कारण करंज आमच्या ओढ्याला हवा तेवढा. मग निरगुडी, सीताफळ, एरंड, पपई, रुई, टणटणी, गुळवेल, कण्हेर. सगळा पाला कोयत्याने बारीक करायचा. त्यात २ किलो हिरव्या मिरचीचा ठेचा, पाव किलो लसूण, ३ किलो शेण, ५ लिटर गोमूत्र. वरून पाणी, पण काठोकाठ नाही. फेस येतो, चार बोटं जागा ठेवा. तोंडाला गोणपाट बांधा, झाकण घट्ट लावू नका, वायू बाहेर पडला पाहिजे. महिनाभर दिवसातून दोनदा काठीने ढवळा.

रुईचा चीक डोळ्यांत गेला तर डोळा जायची भीती, म्हणून तोडताना तोंड बाजूला. मिरची वाटल्यावर हात कुठेही लावू नका, हे मी अनुभवाने सांगते आहे. आणि गाळल्यावर उरलेला चोथा गोठ्याच्या आसपास टाकायचा नाही. त्यात कण्हेर असते, जनावराने तोंड घातलं तर संपलं. मी तो खड्ड्यात पुरते.

गाळायला जुनं सुती लुगडं, तेही दुहेरी. नायलॉनच्या साडीतून गाळ निसटतो आणि पंपाचं नोझल दर दहा मिनिटांनी चोंदतं. फवारणीला १० लिटर पाण्यात पाव लिटर अर्क, पंधरा लिटरच्या पंपाला साधारण पावणेचारशे मिली. जास्त घातलं तर जास्त गुण येईल असं मलाही एका वर्षी वाटलं होतं. दुप्पट घातलं, वर भर दुपारी मारलं. संध्याकाळपर्यंत वालाची पानं कडेने करपली. सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या बांधावर येऊन उभ्या राहिल्या. त्यापेक्षा बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. तेव्हापासून ऊन उतरल्यावरच मारते, आणि पानाच्या खालच्या बाजूने, कारण मावा तिथेच बसतो.

पावसाळ्यात मात्र मी फवारतच नाही. आषाढात मारलेला अर्क तासाभरात ओढ्याला लागतो. तेव्हाच्या भेंडीवरच्या अळ्या हाताने वेचते, किडकी भेंडी तोडून मातीत गाडते. पानांच्या शिरा पिवळ्या पडलेलं झाड मुळासकट उपटायचं. तो रोग पांढरी माशी पसरवते आणि लागलेल्या झाडावर कुठल्याच अर्काचा उपाय नाही.

निंबोळी अर्काचीही तीच गत. आमच्याकडे निंबोळ्या पडतात तेव्हा पाऊस सुरू झालेला असतो, वाळायच्या आधी बुरशी. माझी नणंद संगमनेरला असते, ती वाळवलेली गोणी पाठवते, मी तिला वाल पाठवते. ५ किलो भरडलेली निंबोळी रात्रभर १० लिटर पाण्यात भिजवायची, सकाळी चोळून गाळायची, थोडी साबणाची पूड विरघळवून एकूण १०० लिटर करायचं. हे मात्र त्याच दिवशी संपवा, दशपर्णीसारखं टिकत नाही.

जमिनीला द्यायच्या जीवामृताचं माप सगळ्यांना पाठ असतं. १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, दोन-दोन किलो गूळ आणि बेसन, बांधावरची मूठभर माती, २०० लिटर पाणी, सावलीत दोन-तीन दिवस. एका एकराला पुरतं. नैसर्गिक शेतीचा प्रचार करणाऱ्या सुभाष पाळेकरांमुळे ते घरोघरी गेलं. चुकतं ते ओतताना. खाचरातलं पाणी बांधावरून वाहत असताना ओतलंत तर तुमचा गूळ खालच्या शेजाऱ्याच्या शेतात. मी पावसाची उघडीप बघते, खाचरातलं पाणी बाहेर जायची मोरी बंद करते, पाणी घोट्याच्याही खाली आणते, मग मगाने ओतत जाते.

आता गोठा. डांगी गाय पावसाला दाद देत नाही, तिचं कातडं तेलकट, पाणी ठरत नाही. पण गोचीड तिलाही सोडत नाही. लसूण, कडुनिंब किंवा करंजाचा पाला, टणटणी, तुळस, हळद हे वाटून लिटरभर पाण्यात गाळायचं आणि ऊन असताना फडक्याने अंगाला लावायचं, आठवड्यातून एकदा. नुसती गाय पुसून काय होणार? गोचीड अंडी घालतो गोठ्याच्या भेगांत. भिंतीच्या फटी, गव्हाणीची खालची बाजू, तिथेही शिंपडा. सीताफळाच्या बियांची पूड काही जण लावतात. मी लावत नाही, जनावराच्या डोळ्याला इजा होते.

कास सुजली, म्हणजे दगडी झाली, तर २५० ग्रॅम कोरफड, ५० ग्रॅम हळद, १५ ग्रॅम खायचा चुना एकत्र वाटा. वाटताना लाल होतं, घाबरू नका. कासेतलं दूध पूर्ण काढून, कास धुऊन, या लगद्यातला मूठभर पाण्यात पातळ करून लावायचा, दिवसातून आठ-दहा वेळा, पाच दिवस. लगदा रोज ताजा. हे पहिल्या दिवशी, सूज नुकती दिसली तेव्हा करायचं. दुधात गुठळ्या किंवा रक्त आलं, गाय वैरण सोडून बसली, तर कोरफड बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना बोलवा. त्यांनी इंजेक्शन दिलं तर ते सांगतील तितके दिवस दूध विकायचं नाही, घरातही प्यायचं नाही.

पोटफुगीत तर तेवढाही वेळ नसतो. डावी कूस फुगून ढोलकीसारखी वाजायला लागली की जनावरांच्या डॉक्टरांसाठीच्या १९६२ या सरकारी नंबरला फोन लावा, मग बाकीचं. डॉक्टर येईपर्यंत शेळीला चढावर, पुढचे पाय उंच राहतील असं उभं करते आणि गोडेतेलात हिंग कालवून थोडं थोडं पाजते. मान वर ताणून ओतायचं नाही, तेल श्वासनलिकेत जातं. माझी एक पाट, म्हणजे तरुण शेळी, तशीच गेली, पोटफुगीने नव्हे, माझ्या घाईने. २०२२ मध्ये लम्पी, म्हणजे गुरांच्या अंगावर गाठी उठणारा रोग, आली तेव्हाही गावात लेप लावणारे पुष्कळ होते. जखमांवर मीही हळद-कडुनिंबाचं तेल लावलं, पण लस आधी टोचून घेतली.

यंदाचा ड्रम भरून अकरा दिवस झालेत. वास इतका की टपाल देणारा हल्ली फाटकातूनच हाक मारतो.