जनसुनावणीला जाण्याआधी विहीर मोजा

तालुक्याच्या गावी माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. आमच्या सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या पठारावर, कारखाना येणार म्हटल्यावर हरकतीचा मसुदा मीच टाईप केला आणि तीनशे प्रती काढल्या. खाली नाव-सहीची जागा कोरी. गावाने सह्या ठोकल्या, गठ्ठा जमा झाला, वाटलं मोठं काम झालं. पुढे जनसुनावणीचं इतिवृत्त हाती आलं, तर तीनशे हरकतींची मिळून एक ओळ: प्रकल्पास विरोध. समोर कंपनीचं उत्तर: आवश्यक त्या उपाययोजना करण्यात येतील. चूक माझीच होती. आता दुसऱ्या गावांतली माणसं येतात तेव्हा त्यांना जे सांगतो, तेच इथे लिहितोय.

आधी बघा, सुनावणी, म्हणजे प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी देण्याआधी लोकांचं म्हणणं ऐकायची सभा, होणार आहे का. सगळा कारभार १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्राच्या अधिसूचनेवर चालतो. बी-२ म्हणजे कमी परिणामाच्या धरलेल्या गटातल्या प्रकल्पाला जनसुनावणी नसते, मंजुरी मिळालेल्या औद्योगिक वसाहतीच्या आतल्या कारखान्यालाही बहुधा नसते. प्रकल्प कुठल्या गटात आहे ते पर्यावरण मंजुरीच्या 'परिवेश' या सरकारी पोर्टलवर दिसतं.

सुनावणी असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाने किमान ३० दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतल्या दैनिकात नोटीस द्यायची असते. (आमच्याकडची नोटीस निधनवार्तांच्या शेजारी होती, म्हणून तरी दिसली.) पानाचा फोटो काढून ठेवा. दिवस कमी भरत असतील तर त्याच दिवशी जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल हे सांगणाऱ्या कंपनीच्या अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र आणि ग्रामपंचायतीत बघायला मिळायला हवा. सारांश मराठीत असतो, मूळ बाड इंग्रजीत. ते पहिल्या पानापासून वाचायला बसलात तर सुनावणी होऊन जाईल. कॉलेजातल्या एखाद्या मुलीला शेजारी बसवा आणि तीनच गोष्टी शोधा: जमिनीचा वापर काय दाखवलाय, पाण्याबद्दल काय लिहिलंय, आणि पाहणी कुठल्या महिन्यांत झाली.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोलाची. पाहणी साधारणपणे एकाच हंगामाची असते, आणि तोही पावसाळा सोडून. आमची मार्च ते मे अशी झाली होती. त्या दिवसांत कोकणातला सडा बघितलात तर काळा कातळ आणि वाळलेलं गवत, दुसरं काही नाही. अहवालात तो 'पडीक' आणि खालचा पऱ्या (ओहोळ) 'कोरडा' झाला. त्याच सड्यावर पावसात भात होतं, गुरांचं वर्षाचं गवत तिथूनच येतं, आणि तिथे मुरलेलं पाणी खालच्या वाडीच्या विहिरींना पुरतं. हे अहवालात कोण लिहिणार? पावसाळ्यातले फोटो कुठून आणायचे म्हणून आम्ही डोकं धरून बसलो होतो. मग कोणाला तरी आठवलं, गणपतीला आलेल्या मुंबईकरांच्या मोबाईलमध्ये सगळा हिरवागार सडा पडलाय, तारखेसकट.

हरकत ज्याची त्याने लिहायची. स्वतःचा गट नंबर, विहीर कुठे आहे, पाणी कुठल्या महिन्यापर्यंत टिकतं. सुंभाला दगड बांधून विहिरीत सोडा आणि ओला झालेला सुंभ टेपने मोजा. आकडा, तारीख वहीत लिहा, शेजाऱ्याची सही घ्या. 'पाणी आटेल' असं लिहिलंत तर उत्तर येतं, आटणार नाही. 'अमुक पानावर पऱ्या कोरडा लिहिलाय, माझ्या गटातल्या डबऱ्यात १२ एप्रिलला तीन फूट पाणी होतं, तुम्ही कुठे मोजलंत?' असं विचारलंत तर उत्तर शोधावं लागतं. सुनावणीत निघालेल्या मुद्द्यांना कंपनीने अंतिम अहवालात उत्तर द्यायचंच असतं.

ग्रामसभेचा ठरावही जोडा, पण कोरम भरलाय याची खात्री करून: १५ टक्के मतदार किंवा १००, यात जो आकडा कमी असेल तो. कोणीतरी ओडिशातल्या नियमगिरी डोंगराचं उदाहरण देतंच. तिथे २०१३ मध्ये बारा ग्रामसभांनी नकार दिला आणि खाण थांबली हे खरं, पण ते प्रकरण वनहक्क कायद्याचं होतं. आपल्याकडे नुसत्या ठरावावर विसंबू नका.

सुनावणीच्या दिवशी अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा निदान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी असतो, आणि चित्रीकरण होतं. हजर असलेल्या कोणालाही बोलता येतं. मंडप उधळायची भाषा करणारे दोन-चार जण प्रत्येक गावात असतात, त्यांना आदल्या रात्रीच गाठा. मोकळेपणाने बोलता येईल अशी परिस्थिती नाही असा अहवाल वर गेला, तर सुनावणी वगळूनच पुढे जायची तरतूद नियमात आहे.

शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवायचं असतं. आमची निम्मी माणसं शेवटच्या एसटीसाठी आधीच उठली, आणि वाचलं तेव्हा हरकत घ्यायला समोर होत्या रिकाम्या खुर्च्या. परतीचा टेम्पो आधीच ठरवून ठेवा. आपला मुद्दा सुटला असेल तर तिथेच उभं राहून लिहून घ्यायला लावा.

एवढं करूनही मंजुरी मिळालीच, तर आदेश कळल्यापासून ३० दिवसांत हरित न्यायाधिकरणात अपील करता येतं. आपलं खंडपीठ पुण्यात आहे. सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवसांपर्यंत उशीर माफ होऊ शकतो, त्यापुढे नाही. वकील पहिल्यांदा पोच असलेले कागद मागेल, म्हणून मूळ प्रती एकाच घरात ठेवू नका.