मुलीसाठी जुने, नावाजलेले नाव निवडताना

मुलीला जुने नाव ठेवायचे असे घरात ठरले, की पहिले काम एकच करावे. सुचलेले नाव कागदाच्या डोक्यावर लिहावे आणि ते नाव लावलेल्या जितक्या स्त्रिया इतिहासात, पुराणात, साहित्य-संगीतात आणि स्वतःच्या कुळात सापडतील, तितक्या त्याखाली उतरवून काढाव्यात. बहुतेक घरांत हे होत नाही. जी सर्वांत प्रसिद्ध, ती एकच स्त्री डोळ्यांसमोर येते आणि तिच्यावरून नाव ठेवले जाते किंवा टाळले जाते. आत्या म्हणून तीन भाच्यांच्या कानात नाव सांगण्याचा मान मला मिळाला आणि तिन्ही वेळा या कागदानेच घरातला वाद मिटला.

‘आनंदी’ हे नाव घ्या. आमच्या गुहागर भागात हे नाव काढले, की कोणीतरी वडीलधारे ‘ध चा मा’ची आठवण काढतेच. राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाई गुहागरच्या ओकांच्या घराण्यातल्या, आणि १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला तो त्यांनी पत्रातल्या ‘धरावे’चे ‘मारावे’ केल्यामुळे, अशी कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. त्या कथेचा भाषेत वाक्प्रचारच होऊन बसला, त्यामुळे नावावरचा डाग पुसता येणार नाही असे वाटू लागते. परंतु यादी तिथे संपत नाही. कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये पतीला मागे ठेवून बोटीने अमेरिकेला गेल्या, १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी, वयाची बावीस वर्षेही पूर्ण होण्याआधी, पुण्यात वारल्या. तिसऱ्या आनंदीबाई म्हणजे बाया कर्वे, पूर्वाश्रमीच्या गोदूबाई. या बालविधवेने १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला, तेव्हा दापोली तालुक्यातल्या मुरूडने, म्हणजे कर्व्यांच्या स्वतःच्या गावाने, या जोडप्याला वाळीत टाकले. तरीही दोघे डगमगले नाहीत. या तिघी एका कागदावर आल्या, की नाव कोणाच्या आठवणीने ठेवायचे हे आपण ठरवू शकतो. माझ्या दुसऱ्या भाचीचे नाव आम्ही हेच ठेवले, आणि ‘ध चा मा’ची कथा तिच्यापासून लपवायची नाही हेही त्याच दिवशी ठरवले. जुन्या नावाबरोबर त्याचा सगळा इतिहास घरात येतो. त्यातला नकोसा भाग मुलीला शाळेतल्या चिडवण्यातून कळण्यापेक्षा आईकडून कळलेला बरा.

ज्या नावाच्या यादीत अनेक भिन्न आयुष्ये आहेत, ते मुलीच्या खांद्यावर हलके बसते, असे माझे ठाम मत झाले आहे. त्या दृष्टीने ‘रमा’ या नावाला तोड नाही. थोरल्या माधवरावांमागे १७७२ मध्ये थेऊरला सती गेलेल्या रमाबाई, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढणाऱ्या पंडिता रमाबाई, पुण्यात सेवासदनाचे काम उभे करणाऱ्या रमाबाई रानडे, आणि दापोली तालुक्यातल्या वणंद गावी १८९८ मध्ये जन्मलेल्या रमाबाई आंबेडकर, ज्यांना लाखो घरांत रमाई म्हणतात. संस्कृत जाणणारी विदुषी, समाजकार्यकर्ती आणि हालअपेष्टांत संसार तोलून धरणारी सहचारिणी, अशा सर्वांना हे दोन अक्षरी नाव सारखेच शोभले. शिवाय रमा म्हणजे लक्ष्मी, त्यामुळे आजीचेही समाधान होते. एक सावधगिरी मात्र घ्यावी लागते. इंग्रजी लिपीत ‘रमा’ आणि ‘रामा’ यांचे स्पेलिंग एकच होते, म्हणून पुढे एखाद्या कार्यालयात मुलीच्या नावाने हाक मारताना ‘रामा’ अशी आरोळी ऐकू येण्याची शक्यता गृहीत धरावी.

उलट ज्या नावामागे एकच उत्तुंग व्यक्ती उभी आहे, ते नाव ठेवण्यापूर्वी थांबून विचार करावा. जिजाऊंबद्दल कोकणाला विशेष आपलेपणा वाटतो. राज्याभिषेकानंतर थोड्याच दिवसांत, १६७४ मध्ये, त्यांनी रायगडाच्या पायथ्याशी पाचाडला देह ठेवला आणि तिथे त्यांची समाधी आहे. परंतु ‘जिजा’ नाव लावलेल्या मुलीला प्रत्येक भेटीत त्या एकाच मोजपट्टीने मोजले जाईल. ते ओझे पेलायला घरातील माणसे तिला मदत करणार असतील, तरच ते नाव ठेवावे. ‘इरावती’चे तसे नाही. समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांचा जन्म १९०५ मध्ये ब्रह्मदेशात झाला आणि तिथल्या नदीवरून त्यांना नाव मिळाले. इथे नाव मुळात नदीचे असल्यामुळे मुलीला स्वतःची वाट काढायला मोकळीक राहते.

आता जी गोष्ट सहसा कोणी पाहत नाही, ती सांगते. ज्या नावाने एखादी स्त्री प्रसिद्ध झाली, ते तिचे पाळण्यातले नाव असेलच असे नाही. आपल्याकडे लग्नात नाव बदलत असल्यामुळे कित्येकींचे मूळ नाव चरित्राच्या पहिल्या पानावरच राहून गेले. झाशीच्या राणी लक्ष्मीबाई, ज्यांच्या सासरचे नेवाळकर घराणे मूळचे लांजा तालुक्यातल्या कोट गावचे, त्या माहेरच्या मणिकर्णिका तांबे. लोकमान्यांच्या पत्नी सत्यभामाबाई या लाडघरच्या बाळांच्या तापी. आणि डॉक्टर आनंदीबाई व रमाबाई रानडे, या दोघींचेही माहेरचे नाव यमुना! कारण लग्नाचे नव्हते, तरी लता मंगेशकर यांचेही पाळण्यातले नाव हेमाच होते. ज्यांना एखादी स्त्री मनापासून आवडते पण तिचे प्रसिद्ध नाव वाडीत आधीच चार मुलींना आहे, त्यांनी हे मूळ नाव अवश्य विचारात घ्यावे. ‘यमुना’ म्हातारे वाटते असे म्हणणारे भेटतील. त्यांना एवढेच सांगावे, की दोन यमुनांनी एकोणिसाव्या शतकात जे केले, त्यात म्हातारे काही नव्हते. पुसले गेलेले नाव पुन्हा हाकेत आणणे, हा त्या स्त्रियांचा मोठा सन्मान आहे असे मला वाटते.

गावाशी नाते जुळणारे नाव असेल, तर ते अधिक टिकते. गुहागर आणि मुरूड या दोन्ही गावांत दुर्गादेवीचे मंदिर आहे. तिथल्या घरात ‘दुर्गा’ नाव ठेवले, तर देवीबरोबरच १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध निर्भयपणे बोलणाऱ्या दुर्गा भागवत आणि प्रतिष्ठित घरातून चित्रपटात येण्याचे धैर्य दाखवणाऱ्या दुर्गा खोटे यांचाही वारसा मिळतो. हयात नटी, खेळाडू किंवा मालिकेतली नायिका यांच्यावरून मात्र नाव ठेवू नये. त्यांची कहाणी अजून पूर्ण व्हायची असते.

यानंतर नाव हाकेत तपासावे. खळ्यात उभे राहून मागल्या परसापर्यंत ऐकू जाईल असे ते दोन-तीनदा मोठ्याने हाकारावे, कारण आपल्याकडे मुलीला ‘गो’ लावून हाक मारली जाते आणि नाव आपोआप आखूड होते. सावित्रीची सावी, यमुनेची यमू, दुर्गेची दुर्गी होणारच. ते लघुरूप आवडत नसेल, तर मूळ नाव कितीही थोर असले तरी पुढे त्रास होतो. नक्षत्राच्या चरणाक्षराचा आग्रह असल्यास जन्मनाव पत्रिकेत वेगळे घालून व्यवहाराचे नाव मोकळेपणाने निवडावे.

कागदोपत्री काळजी शेवटी येते, पण ती महत्त्वाची आहे. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते आणि बारसे बाराव्या दिवशी होत असल्याने बहुधा अडचण येत नाही. तरीही नाव ठरले नसेल, तर घाईने काहीतरी लिहून देऊ नये. नावाशिवाय जन्माची नोंद करता येते, पुढे १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नाव घालता येते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखला हाच मुख्य पुरावा असल्याने ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत मराठी ऱ्हस्व-दीर्घ आणि इंग्रजी स्पेलिंग स्वतः कागदावर लिहून न्यावे आणि दाखला हातात पडताच अक्षर न्‌ अक्षर ताडून पाहावे. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या नावापुढे आधी आईचे, मग वडिलांचे नाव आणि नंतर आडनाव, असा क्रम आहे. म्हणून निवडलेले नाव आईच्या नावाला जोडून एकदा मोठ्याने वाचावे, आणि ते वाचण्याचा पहिला मान आईला द्यावा.