रणगाड्याचा व्हिडिओ आला की: मत देण्याआधी काय आणि कसं तपासायचं

लष्करी कारवाईवर मत असायला हरकत नाही. पण नागपुरात पानठेल्यावर असो की सोसायटीच्या ग्रुपवर, वाद बहुतेक वेळा चुकीच्या गाडीवरून सुरू होतो. स्वयंचलित हॉवित्झरला, म्हणजे स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या तोफखान्याच्या तोफेला, 'टँक' म्हणतात, पोलिसांच्या गाडीला 'आर्मी आली' म्हणतात आणि पुढचा तासभर त्याच पायावर चर्चा चालते. म्हणून आधी गाडी ओळखा, मग तिची मारक क्षमता बघा, मग दावा तपासा. हा क्रम उलटा केला की मत फसतं.

गाडी खालून वर वाचा

व्हिडिओ थांबवा. गाडी आडवी दिसते अशी फ्रेम निवडा आणि सगळ्यात आधी चाकं मोजा. रंग, झेंडा, अंगावर लिहिलेली अक्षरं यांच्याकडे नंतर बघा, कारण त्या गोष्टी बदलता येतात, चाकांची संख्या बदलत नाही.

पट्ट्याच्या आत जमिनीला टेकलेली मोठी चाकं एका बाजूला सहा असतील तर भारताकडेही असलेले रशियन घराण्यातले टी-७२, टी-९० किंवा पाकिस्तानचा अल-खालिद असू शकतो. सात असतील तर भारताचा अर्जुन, अमेरिकेचा अब्राम्स किंवा जर्मनीचा लेपर्ड-२. पाच चाकं, आणि पहिल्या-दुसऱ्या चाकात इतरांपेक्षा जास्त अंतर असेल तर टी-५५ किंवा चिनी टाइप-५९ च्या घराण्यातला रणगाडा. पाकिस्तानचा अल-झरार याच घराण्यातला. पाच चाकं, चौकोनी अ‍ॅल्युमिनियमची पेटी आणि वर नुसती मशीनगन, तर तो एम-११३, म्हणजे सैनिक वाहून नेणारी गाडी. तिला रणगाडा म्हणू नका.

सहा चाकं बीएमपी-२ या सैनिक नेणाऱ्या लढाऊ गाडीलाही असतात, पण ती लहान असतात. गाडी बुटकी, पुढचा भाग पाचरीसारखा, वरचा बुरूज (तोफ बसवलेला फिरता भाग) छोटा, नळी बारीक आणि मागे सैनिकांसाठी दोन दारं. कामठीला ज्यांचं रेजिमेंटल सेंटर आहे त्या ब्रिगेड ऑफ द गार्ड्सच्या पलटणी याच प्रकारच्या गाड्यांवर लढतात, त्यामुळे आपल्याकडच्या लोकांनी तरी बीएमपीला टँक म्हणू नये.

आता नळी बघा. आजच्या बहुतेक रणगाड्यांच्या जाड नळीच्या मध्यावर किंवा थोडा पुढे एक फुगवटा असतो. गोळा सुटल्यावरचा धूर आत बुरुजात येऊ नये म्हणून तो असतो. टोक मात्र साधं असतं. जाड नळीच्या टोकाला खाचा असलेली टोपी, म्हणजे मझल ब्रेक दिसला, बुरूज पेटाऱ्यासारखा प्रचंड आणि गाडीच्या मागच्या अर्ध्यात बसवलेला असला, तर ती स्वयंचलित हॉवित्झर आहे. आपली के-९ वज्र अशीच दिसते. ती १५५ मिमीची आहे, चाळीसेक किलोमीटरवर मारा करते आणि शत्रूच्या रणगाड्यासमोर उभी राहून लढणं हे तिचं कामच नाही. ती तोफखान्याची आहे. तिच्या व्हिडिओखाली 'आपल्या टँकने समोरासमोर उडवला' लिहिलेलं असेल तर पुढे वाचायचे कष्ट घेऊ नका.

एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. रशियाच्या अनेक टी-९० वर नळीच्या दोन्ही बाजूंना लाल डोळ्यांसारखे दोन दिवे दिसतात. ती श्तोरा नावाची बचाव यंत्रणा. भारतीय टी-९० वर, म्हणजे 'भीष्म'वर, ते डोळे नाहीत. 'भीष्म सीमेकडे रवाना' अशा मथळ्याखाली डोळेवाला रणगाडा दिसला की क्लिप बाहेरची आहे.

मारक क्षमता म्हणजे फक्त मिलिमीटर नव्हे

१२५ हा आकडा १२० पेक्षा मोठा म्हणून टी-९० अर्जुनपेक्षा भारी, हा युक्तिवाद कानावर येतोच. नळीचा व्यास हा पाच प्रश्नांपैकी एकच आहे. बाकीचे चार: गोळा कोणता, गाडीत किती, किती वेगाने भरला जातो आणि नळी किती वर-खाली होते.

गोळ्याचे प्रकार आधी. चिलखत भेदायला लांब, बारीक, शेपटीवर पंख असलेली धातूची सळई वापरतात. तिच्यात स्फोटक नसतं, फक्त वेग असतो, साधारण १७०० मीटर प्रतिसेकंद. त्यामुळे खरोखर सळई लागल्याच्या व्हिडिओत ठिणग्या आणि छोटा झगमगाट दिसतो; सिनेमातला आगीचा गोळा दिसलाच पाहिजे असं नाही. घर, बंकर, पायदळ यांच्यासाठी स्फोटक गोळा वेगळा. टी-९० त्याच नळीतून इन्व्हार क्षेपणास्त्रही सोडतो, पल्ला ५ किलोमीटरपर्यंत.

आता संख्या. टी-९० आणि टी-७२ मध्ये चौथा माणूस नसतो. गोळा यंत्र भरतं. बुरुजाखाली फिरत्या तबकडीत २२ गोळे तयार असतात. बाकीचे गाडीत इतरत्र ठेवलेले, आणि तबकडी पुन्हा भरायला गाडी आडोशाला न्यावी लागते. 'टँक तासभर सतत आग ओकत होता' हे वाक्य म्हणूनच संशयास्पद. अर्जुनमध्ये चार जण असतात, गोळा माणूस भरतो.

बीएमपी-२ च्या ३० मिमी तोफेला ५०० गोळ्या. वेगवान सेटिंगवर मिनिटाला साडेपाचशेच्या पुढे सुटतात, म्हणजे बटण दाबून धरलं तर एका मिनिटाच्या आत गाडी रिकामी. त्यामुळे प्रत्यक्षात छोट्या-छोट्या फैरी झाडतात. हलक्या चिलखतावर दीडदोन किलोमीटरपर्यंत ती घातक आहे, पण समोरून येणाऱ्या रणगाड्याचं तोंड ती भेदत नाही. त्यासाठी वर बसवलेलं कोंकुर्स क्षेपणास्त्र आहे, पल्ला ४ किलोमीटर.

नळी किती वर जाते, हा प्रश्न कुणी विचारत नाही आणि शहरातली लढाई बहुतेक तिथेच ठरते. टी-७२ घराण्यातली नळी साधारण १४ अंश वर आणि ६ अंश खाली जाते. हिशोब करून बघा: १४ अंशांवर दर १० मीटर अंतराला सुमारे अडीच मीटर उंची मिळते. इमारतीपासून २० मीटरवर उभ्या रणगाड्याची नळी जमिनीपासून पावणेदोन मीटर धरली, तर गोळा जेमतेम पहिल्या मजल्याच्या छतापर्यंत पोहोचतो. चार मजली इमारतीच्या गच्चीवर बसलेल्या माणसावर मारा करायला त्याला चाळीसेक मीटर मागे जावं लागेल. इतवारीच्या गल्ल्यांसारख्या वस्तीत मागे जायला जागा कुठून आणणार? त्यात टी-९० नळीसकट साडेनऊ मीटर लांब. बुरूज फिरवला की नळी भिंतीला अडते. बीएमपी-२ ची तोफ मात्र ७४ अंशांपर्यंत वर जाते, म्हणून गल्लीबोळात आणि डोंगराच्या पायथ्याशी ती लहान तोफ मोठ्या तोफेपेक्षा कामाची ठरते.

डोंगराचा मुद्दा लडाखलाही लागू आहे. २०२० मध्ये तिथे टी-७२, टी-९० आणि बीएमपी-२ तिन्ही होते. पण विरळ हवेत इंजिनाची ताकद घटते, पूल आणि रस्ते वजनाला मर्यादा घालतात. ६८ टनांचा अर्जुन मार्क-१ए तिथे का नेत नाहीत आणि २५ टनांचा, १०५ मिमी तोफेचा झोरावर हा हलका रणगाडा का बनवला, याचं उत्तर यातच आहे. देशभक्तीचा त्याच्याशी संबंध नाही.

'उडवला' म्हणजे नेमकं काय

ड्रोनच्या आतल्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ आदळताक्षणी संपतो. त्यातून एवढंच कळतं की ड्रोन आदळला. गाडी जळली, थांबली की तशीच निघून गेली, हे दुसऱ्या कॅमेऱ्यातूनच कळेल. युक्रेन युद्धात नुकसानीची मोजदाद करणाऱ्या ओरिक्सने म्हणूनच 'नष्ट', 'नुकसानग्रस्त', 'सोडून दिलेला' आणि 'ताब्यात घेतलेला' असे वेगळे रकाने ठेवले आणि फोटो असेल तेवढंच मोजलं. तुम्हीही हे चार शब्द वेगळे वापरा.

बुरूज उडून बाजूला पडलेला दिसला तर मात्र गाडी संपली. टी-७२ घराण्यात हे वारंवार दिसतं, कारण गोळे आणि त्यांची दारू बुरुजाच्या बरोब्बर खाली, माणसांच्याच कप्प्यात असते. ती पेटली की दाब वरच्या दिशेने निघतो. भारताकडेही हेच घराणं मोठ्या संख्येने आहे, तेव्हा रशियन रणगाड्यांवर हसण्याआधी जरा थांबा.

मोजताना होणारी सगळ्यात मोठी चूक म्हणजे एकच गाडी दोनदा मोजणं. सकाळचा धुराचा व्हिडिओ, दुपारचा ड्रोनचा आणि आठवड्यानंतरचा गंजलेल्या सांगाड्याचा, तिन्ही एकाच गाडीचे असू शकतात. शेजारचं झाड, विजेचा खांब, रस्त्याचं वळण जुळवून बघा.

क्लिप खरी आहे का

ऑपरेशन सिंदूर ७ मे २०२५ ला सुरू झालं आणि १० मे ला गोळीबार थांबवण्यावर सहमती झाली. लढाई क्षेपणास्त्रं, विमानं, ड्रोन आणि नियंत्रण रेषेवरच्या तोफखान्याची होती. आपले रणगाडे सीमा ओलांडून गेले नाहीत. तरी 'टँक घुसले'च्या क्लिपा त्या चार दिवसांत फिरल्याच. आर्मा-३ या व्हिडिओ गेममधली दृश्यं तर खऱ्या लढाईची म्हणून पसरली.

गेम ओळखायच्या खुणा ठरलेल्या आहेत. गाडी पळते पण पट्ट्यांखालून माती नीट उडत नाही, धुराचा तोच आकार पुन्हा-पुन्हा येतो, कॅमेरा हातात असूनही हादरा बसत नाही आणि माणसं दिसलीच तर एकसारखी चालतात. मुद्दाम धूसर केलेल्या व्हिडिओवर जास्त संशय घ्या.

आवाजही तपासा. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. तोफेचा झगमगाट दिसल्यापासून धडाका ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून ३४० ने गुणा. दोन किलोमीटरवरची तोफ असेल तर सहा सेकंद लागायला हवेत. लांबच्या दृश्यात झगमगाट आणि धडाका एकदमच आले तर आवाज नंतर चिकटवलाय.

मग चित्रशोध. तीन स्क्रीनशॉट घ्या: पहिली फ्रेम, क्षितिज किंवा इमारत दिसणारी एक, आणि पाटी किंवा लिखाण दिसणारी एक. चॅनेलचा लोगो कापून टाका, नाहीतर शोध लोगोच शोधत बसतो. गूगल लेन्सवर काही सापडलं नाही तर यांडेक्स या रशियन शोधयंत्रावर टाका. रशिया-युक्रेनकडची दृश्यं तिथे लवकर सापडतात. तरीही नाही, तर चित्र आडवं उलटं करून पुन्हा शोधा. जुनी क्लिप पकडली जाऊ नये म्हणून ती आरशासारखी उलटवणं ही नेहमीची चलाखी आहे. शेतीकडेही बघा: मे महिन्याची पंजाबची क्लिप म्हणतात आणि मागे हिरवागार गहू डोलतोय, तर ती मे महिन्याची नाही. तिथली कापणी एप्रिलपासूनच सुरू होते.

दंगल, संचारबंदी आणि गडचिरोली

अशांततेच्या बातमीत गाडी ओळखणं आणखी महत्त्वाचं, कारण चुकीच्या नावाने घबराट पसरते. १७ मार्च २०२५ ला नागपूरच्या महाल भागात हिंसाचार झाला, शहराच्या अनेक ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. अशा वेळी निळसर ठिपक्यांच्या गणवेशात दिसतात ते शीघ्र कृती दलाचे, म्हणजे केंद्रीय राखीव पोलीस दलाचे जवान. त्यांच्या अश्रुधुराच्या गाडीचं नावही 'वज्र'च आहे. तोफखान्याच्या के-९ शी तिचा काही संबंध नाही. जमाव पांगवायला लष्कर बोलवायचं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४९ प्रमाणे कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा निर्णय लागतो. तशी घोषणा नसेल तर 'मिलिटरी उतरली' लिहू नका. खोट्या अफवेवर भारतीय न्याय संहितेचं कलम ३५३ लागू शकतं, आणि फॉरवर्ड करणाराही त्यातून आपोआप सुटत नाही.

गडचिरोलीतल्या नक्षलविरोधी कारवाईबद्दल बोलताना 'टँक का वापरत नाहीत' हा प्रश्न हमखास येतो. तिथला धोका चिलखतावर आदळणाऱ्या गोळ्याचा नव्हता, रस्त्याखाली पुरलेल्या स्फोटकाचा होता. १ मे २०१९ ला जांभुळखेड्याजवळ पोलिसांचे १५ जवान आणि चालक गेले ते अशाच स्फोटात, साध्या खासगी गाडीत. सुरुंगरोधक गाडीचा तळ इंग्रजी व्ही अक्षरासारखा असतो, स्फोटाचा दाब दोन्ही बाजूंना फुटावा म्हणून. पण मोरीखाली भरमसाट स्फोटक दाबलं तर तीही उलटते. म्हणून जवान रस्ता सोडून पायी जातात आणि मोऱ्या तपासल्याशिवाय गाडी पुढे जात नाही. चकमकीचे आकडे वाचताना सापडलेले मृतदेह, जप्त हत्यारं आणि 'मारले गेल्याचा अंदाज' हे तीन आकडे वेगळे लिहून घ्या. पहिल्या रात्रीचा आकडा दुसऱ्या दिवशी बदलतो.

काय टाकायचं नाही

नागपूरवरून फ्लॅट वॅगनवर ताडपत्री घातलेले रणगाडे जाताना दिसतात. चेन्नईजवळ आवडीला रणगाडे बनतात, तेलंगणात मेदकला बीएमपी बनतात, आणि दोन्हीकडून उत्तरेला जायचा सरळ मार्ग नागपूर-इटारसी आहे. सराव आणि दुरुस्तीसाठीही गाड्या हलतात. एका मालगाडीवरून युद्धाचा अंदाज बांधता येत नाही, पण स्टेशनचं नाव, वेळ आणि वॅगनची संख्या मात्र शत्रूच्या कामाची असते. कामठी छावणी, वायुसेनानगर, अंबाझरीची आयुध निर्माणी यांचे फोटोही तसेच. २६ एप्रिल २०२५ ला माहिती व प्रसारण मंत्रालयाने संरक्षण हालचालींचं थेट चित्रण टाळा असं माध्यमांना आणि समाजमाध्यमांवरच्या लोकांनाही सांगितलं होतं. धडाका ऐकू आला तरी आधी भंडारा, भद्रावती, बाजारगाव या पट्ट्यातल्या दारूगोळा कारखान्यांची बातमी बघा; या भागात स्फोट झालेले आहेत आणि त्यांचा सीमेशी संबंध नव्हता.

ओळखीचा सराव हवा असेल तर अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय गाठा. विजयंता, टी-५५, १९६५ चा पॅटन असे सगळे जवळून बघता येतात. फोटो समोरून काढण्याऐवजी बाजूने, गुडघ्यावर बसून काढा. चाकं आणि त्यांच्यामधली फट त्याच कोनातून स्पष्ट दिसते.