चार्ज घेण्याआधी कपाटं उघडा : शालेय ग्रंथपाल होणाऱ्यांसाठी

नेमणुकीचा आदेश घेऊन शाळेत हजर झालात की पहिल्या आठवड्यातच एक कागद पुढे येतो. एकूण ग्रंथ इतके, कपाटं इतकी, नोंदवह्या इतक्या, आणि खाली 'वरीलप्रमाणे चार्ज घेतला', म्हणजे ग्रंथालयाचा ताबा घेतला. त्या दिवशी त्यावर नुसती सही करू नका. बी.लिब.ला, म्हणजे ग्रंथालयशास्त्राच्या पदवीला, वर्गीकरण, तालिकीकरण, ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्री सगळं येतं, पण चार्ज कसा घ्यायचा हे येत नाही. माझं निवृत्तीनंतरचं पहिलं वर्ष त्या एका कागदाच्या मागे गेलं. म्हणून बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, हे एवढं नीट वाचा.

मी रुजू झाले तेव्हा आधीचे ग्रंथपाल निवृत्त होऊन गेलेले होते. चार्ज यादी कार्यालयाने दाखल नोंदवहीवरून, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांकाने चढवतात त्या वहीवरून, उतरवली होती, म्हणजे शेवटचा दाखल क्रमांक तोच ग्रंथांचा आकडा. आता नोंदवहीतला आकडा आणि कपाटातली पुस्तकं यांचा संबंध काय? पावसात भिजलेली, कसरीने खाल्लेली, बदलून गेलेल्या शिक्षकांबरोबर गेलेली, अभ्यासक्रम बदलल्यावर कुठेतरी गठ्ठा बांधून ठेवलेली, अशी सगळी पुस्तकं नोंदवहीत जिवंतच असतात. रीतसर निर्लेखन होईपर्यंत, म्हणजे ठराव करून ती हिशेबातून कमी करेपर्यंत, त्यांचा क्रमांक जात नाही. तुम्ही सही केलीत की ती सगळी तुमच्या ताब्यात आली, डोळ्यांनी पाहिली नसलीत तरी. आणि याची आठवण कुणाला कधी होते? निवृत्त होताना तुमचा ना-देय दाखला, म्हणजे शाळेचं काही देणं उरलं नसल्याचा दाखला, काढायची वेळ येते तेव्हा. पेन्शनची कागदपत्रं त्या दाखल्यावाचून पुढे सरकत नाहीत.

माझी सुटका झाली ती दरवर्षीच्या पडताळणी अहवालांमुळे. प्रत्येक वर्षी मे महिन्यात मी गहाळ आणि जीर्ण पुस्तकांची यादी कार्यालयात देत असे आणि माझ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेत असे. त्या वेळी या यादीला कुणी विचारलं नाही. शेवटी तीच फाइल शाळा समितीपुढे ठेवली, तेव्हा निर्लेखनाचा ठराव झाला.

तर करायचं ते असं. सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात लिहा : 'प्रत्यक्ष पडताळणीच्या अधीन राहून चार्ज घेतला.' एवढं लिहिल्याने कुणी नोकरीवरून काढत नाही. मग एका शिक्षकाला सोबत मागून घ्या, नोंदवही उघडा आणि क्रमांकाने चाला. कपाटात आहे, बांधणीला आहे, शिक्षकाकडे आहे, जीर्ण आहे, सापडत नाही, अशा वेगवेगळ्या खुणा पेन्सिलीने करा. शेवटच्या दोन प्रकारांची यादी मुख्याध्यापकांमार्फत शाळा समितीकडे द्या. ठराव झाला की नोंदवहीत त्या त्या क्रमांकापुढे लाल शाईने ठराव क्रमांक आणि तारीख. खोडायचं नाही आणि तो क्रमांक नव्या पुस्तकाला द्यायचा नाही, कितीही सोयीचं वाटलं तरी. रद्दी विकलीत तर पैसे कार्यालयात भरून पावती फाइलला लावा.

समिती बिचकली तर केंद्र सरकारचे २०१७चे सामान्य वित्तीय नियम दाखवा. ते आपल्या अनुदानित शाळांना थेट लागू नाहीत, पण समजावायला उपयोगी पडतात. वीस हजारांपर्यंत ग्रंथ असतील तर पडताळणी दरवर्षी करावी असं त्यात आहे. आणि वर्षभरात वापरायला दिलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच गहाळ झाले, अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसेल, तर ते वाजवी मानावं असंही आहे. म्हणजे पुस्तकं हरवणार हे सरकारही गृहीत धरतं.

मी यावर इतकं बोलते त्याला कारण आहे. हिशेबाची भीती बसलेला ग्रंथपाल कपाटाला कुलूप लावतो. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९३१ साली पंचसूत्रीतलं पहिलंच सूत्र सांगितलं, ग्रंथ उपयोगासाठी आहेत. ते परीक्षेत सगळेच लिहितात, आणि तेच लोक पुढे पाचवीच्या मुलाला 'फाटेल' म्हणून पुस्तक देत नाहीत. मला त्यांचा राग येतो, पण त्यांना घाबरवणारी व्यवस्थाही मी पाहिली आहे. वह्या स्वच्छ ठेवा, मग हात मोकळा होतो. पुस्तक फाटलं तर फाटू द्या, वाचूनच फाटलेलं असतं.

गुरू कुणाला करायचं? माझं मत विचाराल तर हेडक्लार्कला. 'चालतं हो, सगळीकडे असंच असतं' म्हणणारे ज्येष्ठ ग्रंथपाल प्रेमळ असतात, पण त्यांच्या सल्ल्याने वागू नका. कागद कुठून कुठे जातो ते हेडक्लार्कला माहीत असतं.

सॉफ्टवेअरचा बाऊ करू नका. ग्रंथालयासाठीचं कोहा मोफत आहे, एनआयसी या सरकारी संगणक संस्थेचं ई-ग्रंथालय आहे. मी पन्नाशीच्या आसपास शिकले, तुम्हाला तर सहज जमेल. फक्त पडताळणीआधी डेटा भरू नका, नाहीतर नसलेली पुस्तकं संगणकावर दिसायला लागतात. ड्यूई क्रमांकांचं, म्हणजे पुस्तकं विषयवार लावायच्या दशांश क्रमांकांचंही थोडं सांगते. मराठी शाळेत निम्मी कपाटं ८९१.४६ मध्येच जातात, कारण मराठी साहित्याचा क्रमांकच तो. सातवीतल्या मुलीला त्यातून गोष्टीचं पुस्तक सापडत नाही. पुठ्ठ्याच्या कण्यावर रंगीत पट्ट्या लावा, सोपं, मध्यम, मोठ्यांचं. शास्त्रशुद्ध नाही म्हणून तपासणीत कुणी बोललं तर बोलू द्या. 'किशोर'चे जुने अंक मात्र बांधून खुल्या फळीवर ठेवा, मुलं ते आपणहून उचलतात.

नोकरीबद्दल स्पष्ट सांगते. पद पूर्णवेळ की अर्धवेळ ते विद्यार्थीसंख्येवर ठरतं, पट घसरला की पद धोक्यात येतं. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन मिळेल असं गृहीत धरून घरचा हिशेब मांडू नका. कुणी शिक्षक आला नाही की तुम्हाला वर्गावर पाठवतील. जा, पण पुस्तकांची पेटी घेऊन जा. तोच तास मुलांना हवाहवासा होतो, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे, आणि त्या तासांसाठी ही नोकरी मी पुन्हा करीन.

शरीराचंही ऐका. धुळीने शिंका सुरू झाल्या की तोंडाला फडकं बांधायला लाजू नका. चाळिशीनंतर कण्यावरचे बारीक क्रमांक दिसत नाहीत, तेव्हा लेबलं मोठ्या अक्षरांत छापून घ्या, मुलांनाही बरं पडतं. शिडी सतत चढावी लागणार नाही अशा बेताने कपाटं लावा. आणि अठ्ठावन्न पूर्ण होऊन निवृत्त व्हायला दोन वर्षं उरली की शेवटची संपूर्ण पडताळणी सुरू करा. गुडघे साथ देतात तोवर वरच्या फळ्या आधी मोजून घ्या, खालच्या नंतर बसून होतात.